दोन कार्बोरेटरांचा ताळमेळ

एकच वस्तू दुकानातील दोन काट्यांवर निरनिराळी भरू लागली, तर जाणता व्यापारी वस्तूला दोष देत नाही. तो एकच प्रमाणित वजन दोन्ही काट्यांवर ठेवून पाहतो आणि मगच मालाला हात लावतो. एकाहून अधिक कार्बोरेटर असलेली मोटारसायकल घरी जुळवू पाहणाऱ्याने हाच शिरस्ता पाळला, तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

आपल्याकडील बहुतेक मोटारसायकली एका सिलिंडरच्या व एका कार्बोरेटरच्या. त्यांत हा प्रश्न उद्भवत नाही. नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली आहे. परंतु 1983 साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने आणलेली राजदूत 350 दोन कार्बोरेटरांची होती, तर 1969 साली बाजारात आलेल्या होंडा सीबी 750 या गाडीला चार होते. वडिलांच्या काळची अशी गाडी अनेक घरांत आजही जपलेली आढळते.

अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा व इंधन स्वतंत्र मिळते. एका कार्बोरेटरचा थ्रॉटल दुसऱ्याच्या किंचित आधी उघडला, तर एक सिलिंडर ओझे वाहतो आणि दुसरा मागे राहतो. गाडी उभी असताना इंजिन अडखळते, हँडलला कंप जाणवतो, इंधन वाया जाते.

तथापि हे जुळवणीचे काम सर्वांत शेवटी करावयाचे असते. टॅपेट, प्लग, इग्निशनचे टायमिंग, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड आधी तपासावेत. रबराला चीर असेल तर तेथून हवा शिरते आणि जुळवणी व्यर्थ ठरते. किरकोळ नोंदी तपासल्याशिवाय ताळेबंद जुळविण्यासारखाच तो प्रकार होय.

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे शोषण, म्हणजे व्हॅक्यूम, मोजून ही जुळवणी होते. त्यासाठी तीन प्रकारची साधने मिळतात. पहिले, तबकडीचे गेज. ते वाचावयास सोपे. परंतु संचातील दोन गेज एकसारखे दाखवतीलच अशी खात्री नसते. म्हणून दोन्ही गेज टी आकाराच्या जोडाने एकाच सिलिंडरला लावून पाहावेत. आकड्यांत फरक दिसला, तर तो टिपून ठेवावा व हिशेबात धरावा. दुसरे साधन पाऱ्याच्या नळ्यांचे. ते अचूक खरे, पण पारा सांडल्यास त्याची वाफ विषारी असते. मुलाबाळांच्या घरात ते आणूच नये.

तिसरे साधन घरी बनते. सुमारे चार मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर उभी बसवावी, तळाशी थोडे टू स्ट्रोक ऑइल भरावे आणि दोन टोके दोन सिलिंडरांच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना जोडावीत. दोन्ही बाजूंस एकच द्रव असल्याने येथे गेजमधील तफावतीचा प्रश्नच उरत नाही. शिवाय पाऱ्यातील एक सेंटिमीटरचा फरक हलक्या तेलात पंधरा सेंटिमीटरहून अधिक दिसतो. म्हणजे स्वस्तातील हे साधन महाग गेजपेक्षा अधिक सूक्ष्म ठरते. मात्र फरक मोठा असेल तर तेल सिलिंडरमध्ये ओढले जाते. म्हणून प्रथम डोळ्यांनी ढोबळ जुळवणी करून घ्यावी. नळीत पाणी भरू नये. तेल थोडे ओढले गेले तर धूर होऊन जळून जाते, पाणी मात्र इंजिनाला इजा करू शकते.

इंजिन चांगले तापल्यावर मोजणी सुरू करावी. ज्या बाजूस शोषण अधिक, तेथील थ्रॉटल कमी उघडा आहे असे समजावे. तेल त्याच बाजूस चढते. जोडणीचा स्क्रू अगदी थोडा फिरवून, अॅक्सिलरेटर एकदा देऊन सोडावा व पुन्हा पाहावे. चार कार्बोरेटर असल्यास बहुधा एक आधाराचा मानून इतर तीन त्याच्याशी जुळवतात. आकडा किती आला यापेक्षा सर्वांचा सारखा आला की नाही, हे महत्त्वाचे. जेथे प्रत्येक कार्बोरेटरला स्वतंत्र केबल असते, तेथे वाढवलेल्या वेगावरही तपासणी करावी.

राजदूत 350 सारख्या टू स्ट्रोक गाडीत ही व्हॅक्यूमची पद्धत सहसा वापरत नाहीत. तेथे इंजिन बंद ठेवून दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिलचे गुळगुळीत टोक सरकवून पाहतात आणि केबलचे अॅडजस्टर फिरवून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतील असे करतात. दोन समान ड्रिल, लहान पाने व चांगला स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर काम भागते.

काम मोकळ्या हवेत करावे, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनासमोर पंखा ठेवावा. टाकी काढून बाटलीतून पेट्रोल देत असल्यास ती तापलेल्या भागांपासून दूर टांगावी. शेवटी व्हॅक्यूमच्या तोट्यांवर टोपणे पुन्हा बसवण्यास विसरू नये. साधनाची निवड खिशाप्रमाणे करावी; पण ते साधन आधी तपासून घेण्यास पैसा लागत नाही, आणि तेवढी दक्षता घेतली तर साधे साधनही पुरते.