सरकारी पैशाच्या पुस्तकाला कुलूप कशासाठी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2024 मध्ये ‘अस्मिता’ प्रकल्प सुरू केला. पाच वर्षांत 22 भारतीय भाषांमध्ये उच्च शिक्षणाची 22,000 पुस्तके तयार करायची, म्हणजे सरासरीने एकेका भाषेला हजार. पाठोपाठ 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डिजिटल पुस्तकांसाठी ‘भारतीय भाषा पुस्तक योजना’ आली. मराठीतून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ही चांगलीच बातमी आहे. पण चर्चा होते ती पुस्तके किती आणि कोणत्या विषयांची, एवढ्यापुरती. त्यांचे हक्क कोणाकडे राहणार आणि वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्यात दुरुस्ती करता येणार की नाही, हे क्वचितच विचारले जाते. माझ्या मते सारी योजना टिकेल की नाही, ते याच प्रश्नावर ठरेल. जनतेच्या पैशातून तयार होणारे प्रत्येक पाठ्यपुस्तक मुक्त परवान्याखाली निघाले पाहिजे. मूळ लेखकाचे श्रेय राखून ते कोणालाही उतरवून घेता यावे, छापता यावे आणि बदलताही यावे. संकेतस्थळावर फुकट पीडीएफ ठेवली की काम झाले, असे मुळीच नाही.

सरकारी मदतीने मराठीतून विद्यापीठीय पुस्तके काढण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एकदा करून पाहिला आहे. केंद्राच्या मदतीने नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले आणि चांगल्या अभ्यासकांनी त्यासाठी मराठीतून विद्यापीठीय पातळीची पुस्तके लिहिली. आज ती बहुतेक जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडतात. ती वाईट होती म्हणून मागे पडली नाहीत. आवृत्ती संपली, मंडळाचा जोर ओसरला आणि बाहेरच्या कोणाला त्यांना हात लावण्याचा अधिकारच नव्हता. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरचा हक्क 60 वर्षे राहतो. 1974 मध्ये छापलेले असे पुस्तक 2034 संपेपर्यंत मोकळे होत नाही. तोवर त्यातला विषयच बदलून जातो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि अप्रत्यक्ष करांवरची वाणिज्य शाखेची पुस्तके जुनी झाली. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि भारतीय दंड संहितेवर बेतलेल्या फौजदारी कायद्याच्या पुस्तकांवर तीच वेळ आली. अशा वेळी एखाद्या प्राध्यापकाला दोन प्रकरणे नव्याने लिहून बाकीचे पुस्तक तसेच ठेवता आले पाहिजे. ते करता येत नाही, म्हणून विद्यार्थी परीक्षेपुरत्या गाइडकडे वळतो.

मुक्त पाठ्यपुस्तकांचा अनुभव जगाला नवा नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने 2012 पासून पदवी अभ्यासक्रमांची पुस्तके अशा परवान्याखाली दिली. जॉर्जिया विद्यापीठातील 21,822 विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी पुस्तके वापरणाऱ्या वर्गांत निकाल सुधारलेले आणि नापासांचे व विषय सोडणाऱ्यांचे प्रमाण घटलेले दिसले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना लाभ अधिक झाला. हे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू करणे बरोबर नाही. तिथे अडचण पुस्तकाच्या अफाट किमतीची होती. आपल्याकडे अडचण चांगले मराठी पुस्तक नसण्याची आहे. म्हणूनच मला पोलंडचे उदाहरण जास्त जवळचे वाटते. ओपनस्टॅक्सचे विद्यापीठीय भौतिकशास्त्र तिथल्या प्राध्यापकांनी पोलिश भाषेत आणले आणि ते तितकेच खुले ठेवले. मराठीत असे करायला परवान्याची आडकाठी नाही.

यावर पहिला आक्षेप लेखक आणि प्रकाशकांच्या पोटापाण्याचा. तो रास्त आहे. लेखकाला, अनुवादकाला आणि तपासणाऱ्याला पूर्ण मोबदला मिळालाच पाहिजे, आणि तो विक्रीवर अवलंबून न ठेवता काम सोपवताना ठरवून द्यावा. प्रकाशकाने स्वतःच्या भांडवलावर काढलेल्या पुस्तकाला या मागणीचा स्पर्शही होत नाही. उलट मुक्त पुस्तक छापून विकायला त्यालाही मोकळीक देता येईल. खेड्यातल्या विद्यार्थ्याला मोबाइलवर चारशे पाने वाचायला सांगणे अन्यायाचे आहे. त्याच्या गावाजवळच्या छापखान्याला ते पुस्तक बिनधास्त छापता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप दर्जाचा: कोणीही बदल केले तर गोंधळ माजेल. पण तज्ज्ञांनी तपासलेली मूळ आवृत्ती संस्थेच्या नावाने कायम राहते, आणि बदल करणाऱ्याला आपण काय बदलले ते सांगावे लागते. दर्जाची खरी काळजी असेल, तर दुरुस्तीचे दार उघडेच ठेवावे लागेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अभियांत्रिकी पुस्तकांपासून अनुवादात यंत्राची मदत घेतली जात आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात परिभाषा घसरते, वाक्य अडखळते. अशी चूक पहिल्यांदा दिसते ती वर्गात शिकवणाऱ्याला. फाइल दुरुस्त करण्याजोगी असेल तर ती चूक आठवड्यात निघेल. नसेल तर वर्षानुवर्षे शिकवली जाईल. मुक्त परवाना सरकारला परका आहे, असेही नाही. 2003 मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमाचे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखालीच आहेत. व्याख्यानाला जे चालते ते पुस्तकाला का चालू नये?

महाराष्ट्र शासनाने दोन गोष्टी लगेच कराव्यात. मराठी पुस्तकांसाठी होणाऱ्या प्रत्येक करारात मुक्त परवाना आणि संपादन करता येईल अशी मूळ फाइल या अटी घालाव्यात. आणि ग्रंथनिर्मिती मंडळाच्या ज्या पुस्तकांचे हक्क शासनाकडे आहेत, ती आत्ताच मोकळी करावीत. नव्या कायद्याची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या 30 व्या कलमानुसार हक्काचा मालक लेखी परवाना देऊ शकतो.