पटसंख्या आणि वघईची गाडी

आमच्या पेठ तालुक्यात रेल्वे नाही. कधी नव्हतीच. आगगाडी बघायची तर घाट ओलांडून नाशिक गाठायचं आणि तिथून पुढे नाशिक रोडला जायचं. शाळेत असताना मी फळ्यावर इंजिन काढायचो, त्यामागे डबे जोडायचो आणि पोरं विचारायची, "गुरुजी, खरी केवढी असते?"

खरी गाडी, पण छोटी, आमच्या डोंगरांच्या उत्तरेला आहे. सुरगाणा तालुका ओलांडला की डांग लागतं. तिथल्या वघईपासून खाली बिलिमोऱ्यापर्यंत सुमारे 63 किलोमीटरची नॅरोगेज. रूळ जेमतेम अडीच फूट अंतरावर. ही लाईन बडोद्याच्या गायकवाडांच्या रेल्वेची. शंभर वर्षांहून जुनी. डांगच्या जंगलातलं लाकूड तिच्यावरून खाली जायचं.

गायकवाडांच्या या रेल्वेची सुरुवात मोठी मजेशीर आहे. खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम अशी पहिली लाईन झाली आणि तिच्यावर गाडी ओढायला होते बैल! रूळ इतके हलके की इंजिनाचा भार सोसवेना. 1873 मध्ये भक्कम रूळ टाकल्यावर इंजिनं नियमित धावू लागली. पुढे सयाजीराव महाराजांनी हे जाळं संस्थानभर वाढवलं. डभोई तर नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. 1949 मध्ये हे सगळं बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत विलीन झालं आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वेत आलं.

आता हे सयाजीराव कोण? आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा! 1875 मध्ये दत्तक गेला आणि राजा झाला. 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिक्षक म्हणून मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. शाळा असो की रेल्वे, ती आडगावी न्यायची, हे त्यांनी जाणलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाताना मी या गाडीत बसलो होतो. फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जायची, मग तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. डब्यात टोपल्या, कोंबड्या, सासरी निघालेल्या लेकी. कुणालाच घाई नव्हती.

डिसेंबर 2020 मध्ये रेल्वे मंत्रालयाने पश्चिम रेल्वेच्या 11 शाखा न परवडणाऱ्या म्हणून कायमच्या बंद करायचं ठरवलं. त्यात वघईही होती. लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर 2021 मध्ये गाडी पुन्हा धावली.

परवा भाचा आला होता. बँकेत आहे, सगळं आकड्यांत मोजतो. म्हणाला, "मामा, तोट्यातली गाडी सरकारनं का चालवायची? त्याच पैशात एस.टी. सोडल्या तर लोक लवकर पोचतील."

त्याचं म्हणणं सगळंच चूक नाही. सायकलवाला शर्यत लावील अशा गाडीने कोण दवाखान्यात जाईल? पण मला माझी शेवटची शाळा आठवली. पाड्यावरची, पट अकराचा. तिच्याबद्दलही असंच म्हणायचे, अकरा पोरांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, त्यांना मोठ्या शाळेत न्या. कागदावर बरोबरच होतं. पण मधला ओढा कागदावर नव्हता. पावसाळ्यात सहा-सात वर्षांची पोर तो कशी ओलांडणार? मुली तर घरीच बसल्या असत्या.

पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद, प्रवासी कमी म्हणून गाडी बंद. हिशेब एकच. बंद केल्यावर वाचलेला पैसा वहीत दिसतो. न शिकलेली पोर आणि बाजाराला न गेलेली बाई कुठल्याच वहीत दिसत नाही.

आणि आमच्याकडे बघा. दर हंगामात पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पिकअपमध्ये उभी, दाटीवाटीने, घाटातून. त्यांच्या जिवाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

पेठला रेल्वे आणा, असं मी म्हणत नाही. या वयात एवढं कळतं. माझं म्हणणं इतकंच, की दुर्गम भागातली एखादी सोय काढून घेण्याआधी तिच्या जागी काय देणार ते आधी दाखवा. ते देऊन झालं की खुशाल हिशेब मांडा.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मास्तरच राहिलात." असो. पुढच्या सुट्टीत नातवंडांना वघईच्या गाडीत बसवायचं ठरवलंय. खरी केवढी असते, ते त्यांनाही कळू दे!