वीस मिनिटे, पण कोठे?

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली विजेवर चालणाऱ्या वाहनांसंबंधीचे नवे धोरण मंजूर केले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर अशा मोटारींना पथकर माफ करण्याचे त्यात ठरले आणि शहरवासीयांनी त्याचे स्वागत केले, हे स्वाभाविकच होय. परंतु सवलतीने मोटार विकत घेता येईल. सवलतीने ती वाटेत भरून मिळत नाही. कुटुंबात एकच मोटार बाळगू शकणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचा खरा प्रश्न निराळाच आहे. मूळ गाव भूमसारखे असेल आणि सकाळी गावाकडून वाईट निरोप आला, तर ही गाडी आपल्याला तेथे नेऊन त्याच दिवशी परत आणील काय? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींत शोधू जाणाऱ्याची आज दिशाभूल होते, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

प्रथम जाहिरातींतील आकडेच पाहू. महिंद्र कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात आणलेल्या एक्सईव्ही ९ई या गाडीची ७९ युनिटांची बॅटरी २० मिनिटांत भरते, असा दावा आहे. टाटांच्या कर्व्हची ५५ युनिटांची बॅटरी ४० मिनिटांत, ह्युंदाईच्या विजेवरील क्रेटाची ५१.४ युनिटांची ५८ मिनिटांत आणि एमजीच्या विंडसरची ३८ युनिटांची ५५ मिनिटांत भरते, असे त्या त्या कंपनीने गाडी बाजारात आणताना सांगितले. वीस, चाळीस, अठ्ठावन्न आणि पंचावन्न हे आकडे ओळीने मांडले की पहिला दुसरा क्रमांक लावण्याचा मोह कोणासही होईल. तथापि हे चारही विद्यार्थी एकाच परीक्षेस बसलेले नाहीत. महिंद्रची वीस मिनिटे बॅटरी वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत नेण्याची आहेत. टाटा व ह्युंदाई यांची दहापासून ऐंशीपर्यंतची, तर विंडसरची शून्यापासूनची. प्रश्नपत्रिका वेगळी, एकूण गुण वेगळे आणि गुणपत्रिका मात्र एकाच भिंतीवर लावलेली, असा हा प्रकार आहे.

या सर्वांना एकाच मापाने मोजावयाचे, तर दर मिनिटाला किती युनिटे बॅटरीत गेली हे पाहावे लागते. साधा भागाकार केला तर एक्सईव्हीला मिनिटाला सुमारे २.४ युनिटे, कर्व्हला जवळजवळ १, क्रेटाला ०.६ आणि विंडसरला ०.५५ युनिट मिळते असे दिसेल. येथवर महागड्या गाडीचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. पण हे श्रेष्ठत्व एका अटीवर उभे आहे, आणि ती अट जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते. वीस मिनिटांच्या त्या दाव्यासाठी १७५ किलोवॅटच्या आसपास शक्ती देणारे यंत्र लागते. वाटेवर ३० किलोवॅटचे यंत्र असेल, तर त्यातून मिनिटाला अर्ध्या युनिटापेक्षा अधिक वीज निघूच शकत नाही, मग समोर गाडी कोणतीही उभी असो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तेथे वीस मिनिटांच्या गाडीला तेवढेच काम करण्यास दीड तासाहून अधिक वेळ लागेल. इतकेच नव्हे, तर अशा यंत्रापाशी लहान आणि हलकी गाडीच सरस ठरते. कारण मिळालेल्या प्रत्येक युनिटावर ती अधिक अंतर तोडते. शहरातील दालनात जी गाडी शेवटच्या क्रमांकाची, तीच आडवाटेला पहिली येऊ शकते.

यंत्राची पाटी वाचूनही समाधान मानता येत नाही. साठ किलोवॅटच्या कित्येक यंत्रांना दोन नळ्या असतात. दुसऱ्या नळीला गाडी लागली की शक्ती निम्मी वाटली जाते. शिवाय बॅटरी भरण्याचा वेग आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा नसतो. एस. टी. ची रिकामी गाडी स्थानकात लागली की पहिले प्रवासी भराभर बसतात. शेवटच्या दहांना मात्र जागा शोधत, सामान सरकवीत आत शिरावे लागते. बॅटरीतील विद्युत्‌भारित कणांचेही तसेच होते, आणि म्हणूनच ऐंशी टक्क्यांनंतर वेग जाणूनबुजून कमी केला जातो. त्यात मे महिन्यातील मराठवाडा, जेथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथे तापलेल्या बॅटरीचे रक्षण करण्यासाठी गाडी स्वतःच विजेचा ओघ आवरते. जाहिरातीतील मिनिटे या उन्हात मोजलेली आहेत काय, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

आता भूमचा विचार करू. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेले, खव्यासाठी प्रसिद्ध असलेले धाराशिव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव पुण्याहून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. पथकर माफ झालेल्या तिन्ही मार्गांपैकी एकही येथे येत नाही. धुळे-सोलापूर महामार्ग जातो तो गावाच्या पूर्वेकडून. पुण्याहून भरून निघालेली मध्यम बॅटरीची गाडी भूमला पोहोचेल, याविषयी आम्हांस शंका नाही. पाहुणा रात्री मुक्कामास राहणार असेल, तर घरातील सोळा अँपियरच्या साध्या खटक्यावरही तासाला सुमारे तीन युनिटे मिळून सकाळपर्यंत परतीची बरीचशी सोय होईल. अर्थात रात्रभर वीज टिकली तर! परंतु दुखण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रसंगी जाणारा माणूस मुक्कामाचा हिशेब करून निघत नाही. त्याच्या दृष्टीने जलद चार्जिंग ही चैनीची वस्तू नसून गरज आहे, आणि नेमक्या त्याच्याच वाटेवर तिची शाश्वती नाही.

गाडी आणि तिची वाट यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा धडा याच परिसरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली आणि १९११ साली लातुरास पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या त्या मार्गाचे रूळ हलके होते. कॅलथ्रॉपने ते उणेपण लपविले नाही. रुळांना काय सोसेल हे आधी ठरवून इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर कमाल पाच टनांचा सारखा भार येईल, अशी योजना केली. हलक्या रुळांचा त्यामुळे पुरेपूर उपयोग झाला. आज आपण नेमके उलट करीत आहो. चीनमधील बीवायडी कंपनीने २०२५ साली पाच मिनिटांत चारशे किलोमीटरांची वीज भरण्याचे तंत्र जाहीर केले, त्याचे आपण कौतुक करतो. आणि तालुक्याच्या गावी कोणते यंत्र आहे, ते चालू आहे की बंद, याची चौकशीही करीत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, गाड्या वाढल्या म्हणजे केंद्रे आपोआप येतील. आम्हांस हा आशावाद पटत नाही. केंद्र नाही म्हणून गाडी येत नाही आणि गाडी येत नाही म्हणून कोणी व्यापारी केंद्र काढीत नाही, हे चक्र बाजाराच्या हातून सहजासहजी तुटणारे नाही. ‘गाव तेथे एस. टी.’ हे ब्रीद नफ्याचा ताळेबंद पुढे ठेवून घेतलेले नव्हते. केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद केली. त्यांतील न्याय्य वाटा तालुक्याच्या गावांना मिळावा, यासाठी राज्य शासनाने आग्रह धरला पाहिजे. भूमसारख्या गावी १७५ किलोवॅटचे दिमाखदार यंत्र नसले तरी चालेल. बसस्थानकाजवळ साठ किलोवॅटची दोन यंत्रे असावीत, आणि ती बाराही महिने चालू असावीत, एवढेच मागणे आहे.

दुसरी मागणी कंपन्यांकडे आहे, आणि तिला एक पैचाही सरकारी खर्च नाही. शीतकपाटावर तारे छापून विजेचा खप सांगण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. तशीच प्रत्येक विद्युत्-मोटारीवर एक पट्टी असावी: बॅटरी दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरण्यास ३०, ६० आणि १२० किलोवॅटच्या यंत्रांवर किती मिनिटे लागतात, आणि चाळीस अंश उष्णतेत किती. मोटारींच्या पल्ल्याची चाचणी घेणारी संस्था पुण्यातच आहे. तिला हे काम अवघड नाही.

दहा-वीस लाख रुपयांची खरेदी करणाऱ्या कुटुंबाला खरा आकडा मिळणे हा उपकार नव्हे. वीस मिनिटांचे आश्वासन देणाऱ्याने ती वीस मिनिटे कोठे मिळतात हेही सांगितले पाहिजे. आणि ती केवळ महानगरांच्या वेशीवरच मिळणार असतील, तर ही नवी मोटार शहरातल्या श्रीमंताच्या दारातील दुसरी गाडी होऊन राहील. गावाशी नाते राखणाऱ्या सामान्य कुटुंबाची ती एकमेव गाडी व्हावी अशी शासनाची इच्छा असेल, तर धोरणाचे यश द्रुतगती मार्गावर न मोजता भूमच्या रस्त्यावर मोजावे.