रंगाने जीप मूळ ठरत नाही

संपादक महाशय,

हिरवा रंग चढवून बॉनेटवर पांढरा तारा काढला की जुन्या लष्करी जीपचा जीर्णोद्धार झाला, असे जे प्रतिपादन आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी केले आहे, ते हौसेच्या दृष्टीने क्षम्य असले, तरी खरीददाराची दिशाभूल करणारे आहे. महायुद्धकालीन विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या गाड्या दर्शनी जुळ्या भासल्या, तरी चासीचा पुढचा आडवा दांडा विलीसमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीच्या घडणीचा असतो, आणि फोर्डच्या बोल्टांच्या माथ्यांवर ‘एफ’ अक्षर उठविलेले आढळते. उलटपक्षी, महिंद्रांनी आपल्याकडे बांधलेली उंच बॉनेटची सीजे-3बी ही मूलतः 1953 साली अवतरलेली युद्धोत्तर गाडी असल्याने, कितीही तारे रंगविले तरी तिला महायुद्धाचा दाखला मिळणे नाही.

शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांन्वये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी व्हावयाची, तर त्याची चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. सबब, डिझेल इंजिन बसविलेल्या जीपला ‘अस्सल’ म्हणून दाम मागणाऱ्याकडे प्रथम नोंदणीपुस्तक मागावे, त्यातील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि मगच सौद्याची भाषा करावी.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे