झुबिन मेहता आणि देवासचे दोन तंबोरे

झुबिन मेहता यांचा जन्म 29 एप्रिल 1936 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक; त्यामुळे वाद्यवृंदाची तालीम मुलाच्या कानावर लहानपणापासूनच पडली. वैद्यकाची वाट अर्ध्यावर सोडून 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी व्हिएन्ना गाठले. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकत असताना हातात डबल बास होता. मोठ्या संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो चक्क गायकवृंदात जाऊन उभे राहिले. 1958 मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली आणि मग मॉन्ट्रियल (1961–67), लॉस एंजेलिस (1962–78), न्यूयॉर्क (1978–91) अशी पदांची रांगच लागली. इस्रायल फिलहार्मोनिकशी संबंध तर अर्धशतकाचा.

एप्रिल आला की या यादीवर ‘आपला मुंबईकर’ असा शिक्का मारला जातो. त्याच महिन्याच्या 8 तारखेला माळव्यातल्या देवासात ख्यालगायक कुमार गंधर्वांची जयंती असते, आणि ‘माळव्यातून असा जागतिक माणूस का निघत नाही?’ हा ठरलेला प्रश्न हारतुऱ्यांच्या मधून डोके काढतो. प्रश्नच चुकलेला आहे.

कुमार गंधर्व आणि मेहता काही वर्षे एकाच शहरात होते. कुमार बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत घडत होते तेव्हा मेहता बाळपणात होते. पुढे दोघांनीही मुंबई सोडली. कुमार 1948 च्या आरंभी क्षयामुळे कोरड्या हवेच्या देवासला आले, मेहता सहा वर्षांनी व्हिएन्नाला गेले. एकाला फुप्फुसाने हलवले, दुसऱ्याला कलेच्या गरजेने. ख्यालगायकाला दोन तंबोरे, तबला आणि पेटी पुरते. कुमारांचे तंबोरे जुळवणे हे तर स्वतंत्र प्रकरण होते: जवारी मनासारखी लागून तारांतून स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत बैठक सुरू व्हायची नाही. मग मुखडा घेताच तबलजीला लय कळे. संचालक गायकाच्या आतच बसलेला असतो. त्याला वेगळी काठी लागत नाही. म्हणून गाणे वर्ज्य असलेल्या वर्षांत खाटेवर पडून ऐकलेल्या माळवी लोकधुनांतून देवासात नवे राग उभे राहू शकले.

मेहतांच्या हातातली काठी मात्र मुकी. सूर निघण्याआधी ती वर उचलली जाते, त्या उचलण्यातच पुढच्या मात्रेचा वेग आणि वादकांचा श्वास ठरतो. पण समोर शंभर वादक नसतील तर तो नुसता हवेतला हातवारा. हे शंभर जण रोज तालमीला यायला हवेत, आणि त्यासाठी त्यांना पगार हवा. मुंबईला तो देणे जमले नाही. मेहली मेहतांनाही अखेर परदेशच गाठावा लागला. आणि 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तेव्हा बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले. मग मुंबईने नेमके काय घडवले?

पगाराचा प्रश्न आला की संस्थानांचा विषय निघणारच. धार आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पात्या ही पवारांची संस्थाने 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाली, आणि कलावंताला पदरी ठेवण्याची चाल दरबाराबरोबर गेली. मैहरात अल्लाउद्दीन खाँनी अनाथ मुलांना घेऊन उभारलेला वाद्यवृंद दरबार गेल्यावरही टिकला. माळव्याला तेवढे शहाणपण सुचले नाही. देवासला पुढे नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आला. त्यातली एखादी गड्डी वादकांच्या पगाराकडे वळल्याचे ऐकिवात नाही.

मेहतांना 1966 मध्ये पद्मभूषण आणि 2001 मध्ये पद्मविभूषण मिळाले. कुमारांना तेच किताब 1977 आणि 1990 मध्ये. रविशंकर यांची दुसरी सतार-कॉन्चेर्टो मेहतांनी न्यूयॉर्कमध्ये सादर केली, 2013 मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाचा वाद्यवृंद आणला. वाद्यवृंद आणावा लागला, यातच सगळे आले. 2019 मध्ये ते इस्रायल फिलहार्मोनिकमधून निवृत्त झाले आणि ती जागा लाहाव शानी यांच्याकडे गेली. 1992 मध्ये कुमार गेले तेव्हा भरायला अशी कोणती जागाच नव्हती; त्यांची मुले मुकुल शिवपुत्र आणि कलापिनी कोमकली यांनी आपापले तंबोरे लावले.