न जुळणारे रीडिंग

प्रॅक्टिकलच्या तासाला आपल्यापैकी बहुतेकांनी एक पाप केलेले असते. आलेले रीडिंग पुस्तकाशी जुळले नाही, की शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावून आपण ते ‘दुरुस्त’ करतो. मीही केले आहे. गुण मिळतात, पण त्यात काय गमावतो, हे पिकल्या केळ्यावरच्या चिलटांची गोष्ट वाचताना कळले.

हे चिलट म्हणजे शास्त्रज्ञांची लाडकी ड्रॉसोफिला. इटलीत फेरुचिओ रितोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसू लागले. फुगवटा म्हणजे तेथील जनुक कामाला लागल्याची खूण. रितोसांनी ती स्लाइड फेकली नाही. 1962 साली निरीक्षण प्रसिद्ध केले. कात टाकायला लावणारे एक्डायसोन हे संप्रेरक टोचल्यानेही असे फुगवटे उठतात, हे 1960 साली क्लेव्हर व कार्लसन यांनी दुसऱ्या एका कीटकात दाखविले होते.

उष्णता आणि संप्रेरक यांचा हा धागा पुढे ‘फिरत्या जनुकां’पर्यंत पोहोचला. गुणसूत्रात जागा बदलणारे हे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्यात शोधले. नोबेल मिळाले 1983 साली! ड्रॉसोफिलात ‘कोपिया’ नावाच्या तुकड्याच्या आर.एन.ए. प्रती उष्णतेच्या ताणाने वाढतात, असे 1985 साली आढळले. ‘1731’ या तुकड्याच्या प्रती मात्र पेशींना एक्डायसोन दिल्यावर घटतात. ताणाच्या वेळी पेशी सांभाळणारे एचएसपी-90 हे प्रथिन या तुकड्यांनाही आवरून धरते, हे 2010 साली दिसून आले.

म्हणून ‘ऊन वाढले की जनुके उडतात’ असे म्हणावे काय? नाही. प्रती वाढणे वेगळे आणि उडी मारणे वेगळे. काही प्रयोगांत उष्णता देऊनही उड्या वाढल्या नाहीत, आणि तेही तसेच छापले गेले. हा प्रामाणिकपणाच विज्ञानाचा कणा आहे.

गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे : न जुळणारे रीडिंग कारणांसह लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. आणि मित्रहो, पुढच्या वेळी खोडरबर उचलण्यापूर्वी उबवणपेटीचे तापमान एकदा पाहून घ्या.