शंभर रुपयांतला एक पैसा

नगरसेवकांच्या मानधनाची गोष्ट निघाली की आमच्याकडे फराळाच्या चकलीपेक्षा जिभाच अधिक तिखट होतात. २०१७ साली मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन दरमहा दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेले, तेव्हा "फुकटखाऊ!" म्हणून मीही गर्जलो होतो. आज तो शब्द मी परत घेतो.

हिशेबच मांडा ना! २२७ नगरसेवकांचे वर्षाचे मानधन होते ६ कोटी ८१ लाख. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक होते ७४,४२७ कोटींचे. म्हणजे शंभर रुपयांत पुरता एक पैसाही नव्हे! त्या पैशासाठी आपण घसा कोरडा केला. आणि ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली, आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक जवळजवळ चार वर्षे लांबली, तेव्हा? आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच! एक पैसा वाचला. पण उरलेल्या नव्याण्णव रुपये नव्याण्णव पैशांचा सभागृहात जाब विचारणारा कोणी राहिला नाही. आपण मात्र मुकाट बसलो.

१५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. वाचकहो, घरचा दिवाळीखर्चही चौघे बसून ठरवतात. नगराचा एका सहीने का ठरावा? नगरसेवकाला मानधन खुशाल द्या. पण यंदा तो शुभेच्छा द्यायला दारी आला, की लाडू हातावर ठेवून एवढेच विचारा: "साहेब, अंदाजपत्रकाच्या सभेत आपण काय बोललात?"